खामकर काकांशी तोंडओळख

खामकर काकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून दाबून बघायचे. दह्याच्या डब्याचं झाकण, स्ट्रॉबेरीचा ट्रे, माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकवरचं पारदर्शक टोपण. मग डोळे बारीक करून जाडीचा आकडा सांगायचे. "पॉइंट तीन. पूर्वी पॉइंट चार असायचं. मटेरियल वाचवतायत लेकाचे." आकडा बरोबर की चूक हे तपासायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि त्यांच्या आवाजात इतकी खात्री असायची की तपासावंसंही वाटायचं नाही.

मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नला आम्ही घर घेतलं तेव्हा दोन घरं सोडून एक मराठी माणूस राहतो हे आम्हाला माहीत नव्हतं. मी क्लेटनला शिकायला आले होते. मग नोकरी, पीआर, लग्न, भाड्याची चार घरं आणि शेवटी हे. सामान उतरवत होतो तेव्हा ते स्वतःच आले. साठीकडे झुकलेले, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन. "मी दिलीप खामकर. डोंबिवली," ते म्हणाले. "कचऱ्याचा बिन दर आठवड्याला, रिसायकलिंगचा एक आड एक. रिसायकलिंगमध्ये पिशव्या टाकायच्या नाहीत." एवढं सांगून गेले. निखिल, माझा नवरा, म्हणाला, "आपल्या देशातला माणूस भेटला तर तोही बिनवरच बोलला."

डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांनी सुरुवात केली होती आणि इथे वीसेक वर्षं कॅम्पबेलफील्डच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात होते. बिस्किटांचे, फळांचे, मांसाचे ट्रे तिथे निघत. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं," आणि ते अशा सहज सुरात म्हणायचे की जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली होती.

त्यांच्या घरात शिरल्याबरोबर उजवीकडे, रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली होती. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांत ती असते. लोक तिथे मोठा टीव्ही लावतात. काकांच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर पुठ्ठ्याची चपटी खोकी. प्रत्येक खोक्याच्या झाकणाला सेलोफेनची खिडकी आणि त्या खिडकीतून बाहेर बघणारा एक चेहरा. पिवळे केस, निळ्या पापण्या, लालभडक ओठ. शंभर तरी असतील. पहिल्यांदा बघितल्यावर मी दारातच थबकले.

"हॅलोवीनचे ड्रेस आहेत," काका म्हणाले. "अमेरिकेतले, साठ-सत्तर सालातले. फॅशन डॉल असतात ना, लांब पायांच्या, त्यांचे. लहान मुलींसाठी. एक मुखवटा, एक झगा. एका संध्याकाळी घालून दारोदार खाऊ मागत फिरायचं आणि टाकून द्यायचा. म्हणून तर आता मिळत नाहीत."

त्यांनी एक खोकं उतरवलं. आत टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेला, मागून नाड्या बांधायचा पातळ झगा होता. झग्याच्या छातीवर त्याच बाहुलीचं चित्र आणि खाली तिचं नाव. इरा, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "काका, बट व्हाय डज शी हॅव हर ओन पिक्चर ऑन हर टमी?"

काका एवढे खूश झाले की खुर्चीवर बसलेच. "बघ मेघना, वीस वर्षं लोकांना दाखवतोय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता," ते मला म्हणाले. मग इराला समजावलं की तेव्हा असंच करायचे. मुलगी बाहुली व्हायची आणि वर आपण कोण झालोय हे छातीवर लिहून फिरायची, म्हणजे दार उघडणाऱ्याचा गोंधळ नको.

त्यांचा खरा जीव मुखवट्यांवर होता. प्लॅस्टिकची शीट तापवायची, मऊ झाली की साच्यावर टाकायची, खालून हवा खेचायची, की एका क्षणात चेहरा तयार. "आम्ही बिस्किटांचा ट्रे करतो तसंच. फक्त ट्रेला नाक नसतं. नाक सगळ्यात उंच, म्हणून शीट तिथे सगळ्यात जास्त ताणली जाते. तडा तिथेच जाणार. विकत घेताना आधी नाकाशी बघायचं." ते मुखवटा खिडकीसमोर धरत आणि नाकाच्या शेंड्यातून खरंच जास्त उजेड येत असे. नवरी, नर्स, हवाई सुंदरी, सगळ्यांची नाकं त्यांनी आम्हाला दाखवली. कुणीतरी परवानगी न घेता काढलेल्या नकली बाहुल्यांचे ड्रेसही होते आणि ते त्यांचे विशेष लाडके. "याचा साचा करणाऱ्याला मूळ चेहरा नीट आठवत नव्हता. पण बिचाऱ्याने मेहनत केलीय."

खोक्याला हात लावायच्या आधी हात धुवावे लागत. "दोन्ही बाजू दाखव. हळद लागली की गेला," ते इराला सांगत. पोह्यांची बशी त्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत कधी आली नाही.

हे सगळं का जमवता, असं मी त्यांना एकदा विचारलं. काहीतरी गोष्ट असेल असं मला वाटत होतं. एखादी बहीण, एखादी लहानपणी न मिळालेली बाहुली. त्यांनी थोडा विचार केला. "आवडतात," ते म्हणाले. मी आणखी थांबले, पण त्यांचं उत्तर संपलं होतं.

आमच्या मराठी कुटुंबांच्या दिवाळीच्या जेवणांत हा विषय हमखास निघायचा. "काय खामकर, या वर्षी कुठला फ्रॉक?" कोणीतरी म्हणायचं. काका चिडायचे नाहीत. ते गंभीरपणे सांगायचे की या वर्षी एक नवरी मिळाली, छपाई जरा सरकलेली आहे, ओठ हनुवटीवर आलेत. लोक हसायचे आणि काकांना वाटायचं, सरकलेल्या ओठांना हसतायत. घरी येताना गाडीत निखिल त्यांची नक्कल करायचा आणि मी हसायचे. ऑफिसमध्येही मी ती नक्कल करून दाखवली होती. लोकांना फार आवडली.

एका हिवाळ्यात आमच्या लाइनवर ट्रेन बंद पडल्या. निखिल कामासाठी सिडनीला, मी सिटीत अडकलेली, आणि शाळेचं आफ्टर केअर सहाला बंद होणार. मी काकांना फोन केला. ते शिफ्टवरून नुकतेच आले होते. तसेच गेले आणि इराला घेऊन आले. मी पोचले तेव्हा ती त्यांच्या सोफ्यावर वरणभात खाऊन झोपली होती, अंगावर त्यांची शाल, आणि काका समोर बसून तिच्या शाळेच्या डब्याचं तुटलेलं बिजागर बसवत होते. दुसऱ्याच दिवशी मी शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्यांचं नाव घातलं. आमच्या घराची जादा किल्लीही त्यांच्याकडे दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या माणसाला मी किती ओळखत होते, हे पुढचं सांगायच्या आधी सांगितलेलं बरं.

मग कोविड आला. मेलबर्नच्या मोठ्या लॉकडाउनमध्ये आम्ही पाच किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकत नव्हतो आणि व्यायामाला दिवसातून एक तास मिळायचा. मी आणि निखिल दोन खोल्यांत दोन मीटिंगमध्ये, इरा डायनिंग टेबलवर शाळेत. काकांचा कारखाना मात्र चालू होता. तिथे आता फेस शील्ड निघत होत्या. आमच्या दाराशी त्यांनी सहा शील्ड ठेवल्या, वर चिठ्ठी: 'पॉइंट पाच मिमी. चांगल्या आहेत.'

इरा त्या दिवसांत फार चिडचिडी झाली होती. आठ वर्षांची मुलगी, कोणी भेटत नाही, रोज तोच टॅबलेट. रस्त्यावरच्या काही घरांनी मुलांना मोजता यावीत म्हणून खिडक्यांत टेडी बेअर बसवले होते. ते बघून काकांना कल्पना सुचली. एका सोमवारी त्यांच्या त्या पुढच्या खोलीच्या खिडकीत हवाई सुंदरी उभी राहिली. काठीला झगा, वर मुखवटा आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत पाटी: कुठल्या सालचा, कशाचा, नाकाला तडा आहे, दुरुस्त केलेला नाही. पुढच्या सोमवारी नर्स. मग नवरी. मुलं सायकली थांबवून बघायला लागली. इरा आमच्या एका तासाचा पहिला टप्पा तिथेच करायची. काका आत असले तर खिडकीतून हात करायचे आणि इरा ओरडून पाटीवरची स्पेलिंगची चूक सांगायची.

चौथ्या की पाचव्या सोमवारी आमच्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर एक फोटो आला. समोरच्या रांगेतल्या शॅरनने टाकलेला. काकांची खिडकी, आणि खाली: 'एनीवन नो धिस ब्लोक? लिव्ज अलोन आय थिंक. लिटल गर्ल्स' ड्रेसेस इन द विंडो. बिट ऑफ?' म्हणजे, जरा विचित्रच नाही का? शॅरन वाईट बाई नव्हती. आम्ही नवीन होतो तेव्हा लॅमिंग्टन केक घेऊन आली होती. पण तिच्याखाली एकाने लिहिलं की त्याने दुपारी त्या माणसाला मुलांना हात करताना बघितलंय. दुसरीने लिहिलं की तिने मुलींना त्या बाजूने जायला मना केलंय. मग कोणीतरी लिहिलं, 'मेघना, यू गाइज नो हिम, येह?'

मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि उत्तर टाइप केलं. ते प्लॅस्टिकच्या कारखान्यात आहेत, त्यांना साच्यांचं वेड आहे, माझी मुलगी त्यांच्याकडे राहिलेली आहे, शाळेत त्यांचं नाव दिलंय. सगळं खरं होतं. वाचून बघितलं आणि 'माझी मुलगी त्यांच्याकडे राहिलेली आहे' या वाक्याशी थांबले. ग्रुपवरचे सगळे ते वाचतील आणि मग माझ्याकडे बघतील, असं वाटलं. शिवाय आम्हा सगळ्या भारतीयांना एकाच टोपलीत घालतील, असंही. मी सगळं पुसलं आणि लिहिलं, 'नॉट रिअली. जस्ट टू से हॅलो.'

म्हणजे आपल्या भाषेत, नुसती तोंडओळख.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण लिहिलं ते खरं ठरवायला हवं, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं. त्या दुपारी मी इराला समोर बसवलं. "काकांच्या घरी गेलीस तेव्हा ते काय काय बोलायचे?"

"नोजेसबद्दल," ती म्हणाली.

"आणखी? कधी ड्रेस घालायला सांगितला?"

"नो. ही सेज यू कान्ट वेअर देम. दे विल टेअर."

"कधी जवळ बसवलं? काही असं, जे आईला सांगू नको म्हणाले?"

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारला. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा बदलला. मी काय विचारतेय ते तिला पूर्ण कळलं नसेल, पण काहीतरी घाण आहे एवढं कळलं. "नो, आई," ती म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो तेव्हा ती स्वतःहून उलट्या दिशेला वळली. मी तिला थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी काकांच्या दाराशी पोलिसांची गाडी थांबली. मी किचनच्या ब्लाइंडच्या फटीतून बघत होते. एक बाई आणि एक तरुण पोलिस, दोघे मास्क लावून. काकांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, मग हाताने 'आत नको' अशी खूण केली. कोविडमुळे असणार. ते आत गेले आणि एकेक खोकं बाहेर आणून लॉनवर मांडायला लागले. दहा, पंधरा, वीस. प्रत्येक उघडून दाखवत होते. मग मी बघितलं, त्यांनी एक मुखवटा उन्हाच्या दिशेने वर धरला आणि त्या तरुण पोलिसाला वाकून बघायला सांगितलं. ते त्याला नाक समजावत होते. सुटका करून घेण्यासाठी नाही; कोणी दाखवा म्हटलं की ते असंच दाखवायचे.

पोलिस जायला निघाले. "नो वरीज, मेट," असं तो तरुण म्हणालेला मला ऐकू आला. गाडी गेली आणि वारा सुटला. काका खोकी आत नेऊ लागले, एका वेळी एक, छातीशी धरून. टिश्यू पेपर लॉनभर उडाले. एक मुखवटा घरंगळत रस्त्यावर गेला. ते त्याच्यामागे धावले आणि तो उचलून पायऱ्यांपाशी येऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. बाहेर पडून कागद गोळा करायला मला कुठल्याही नियमाची आडकाठी नव्हती. मी ब्लाइंडची पट्टी खाली सोडली आणि भांडी लावायला घेतली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. "मेघना, पोलिस येऊन गेले, बघितलं असशील. कोणीतरी काळजीने कळवलं असणार. रस्त्यात लहान मुलं आहेत, बरोबरच आहे त्यांचं." मी हं हं केलं. मग ते जरा अडखळले. "तुमचा एक ग्रुप आहे ना रस्त्याचा? मी काही त्यात नाही. तू एवढं लिहिशील का, की हा माणूस आमच्या ओळखीचा आहे? बाकी काही नको."

"हो काका, लिहिते की," मी म्हणाले.

लिहिलं नाही. लिहायचं तर आधीचं खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं. आज नको, उद्या, असं करता करता ग्रुप लॉकडाउन कधी उठणार यावर गेला, मग कुणाच्या हरवलेल्या मांजरावर. काकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या पुढच्या खिडकीचा पडदा बंद झाला तो बंदच राहिला. निखिलला मी काहीच सांगितलं नव्हतं. तो एकदा म्हणाला, "काका हल्ली बोलत नाहीत." मी म्हटलं, "शिफ्ट वाढल्या असतील."

पुढे शॅरनकडूनच मला कळलं. लॉकडाउन उठल्यावर काका स्वतः तिच्या दाराशी गेले होते, सहा फुटांवर उभे राहून त्यांनी आपण कोण ते सांगितलं. शॅरनला वाईट वाटलं, तिने माफी मागितली. आणि सहज म्हणाली, "इव्हन मेघना सेड शी डिडन्ट रिअली नो यू." हे तिने मला हसत सांगितलं, एवढ्या जवळच्या शेजाऱ्यांची आपल्याला ओळख नसते बघ, अशा अर्थाने.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"ही सेड यू आर अ व्हेरी बिझी फॅमिली."

उन्हाळा संपता संपता त्यांच्या लॉनवर 'सोल्ड'ची पाटी लागली. कुठे जाणार, कधी जाणार, आम्हाला काही सांगितलं नाही. नंतर मंडळींकडून कळलं की जीलाँगकडे कुठे गेले, संग्रह अमेरिकेतल्या एका बाईला एकगठ्ठा देऊन टाकला. एका सकाळी आमच्या लेटरबॉक्समध्ये पाकीट होतं. आत आमच्या घराची किल्ली. चिठ्ठी नव्हती. पाकिटावर सुवाच्य अक्षरात आमचा फक्त घर नंबर.

ते गेल्यावर आठवड्याने मी ग्रुपवर लिहिलं. अगदी लांबलचक. ते कोण होते, किती चांगले होते, त्या ड्रेसचं काय होतं, मी त्यांना नीट ओळखत होते आणि नाही म्हणाले. पाच-सहा बदाम आले. शॅरनने लिहिलं, 'ऑ, ब्यूटिफुल. विश वुई न्यू.' अर्ध्या तासात कोणीतरी जुनं ट्रॅम्पोलीन हवंय का असं विचारलं.

इराला मी सगळं सांगितलं तेव्हा ती नऊ वर्षांची झाली होती. मी चुकले, काकांनी काहीच केलं नव्हतं, मी तुला तसं विचारायला नको होतं. तिने ऐकलं. "आय न्यू दॅट," ती म्हणाली. "यू डिडन्ट."

त्यानंतर काका मला एकदाच दिसले. त्याच वर्षी सिटीतल्या लसीकरणाच्या केंद्रावर. माझा डोस घेऊन झाला होता आणि मी पंधरा मिनिटं थांबायच्या खुर्च्यांत बसले होते. दोन खुर्च्या सोडून कोणीतरी येऊन बसलं. मास्क होता तरी खिशाच्या पेनावरून ओळखलं. त्यांनीही ओळखलं. काही क्षण मला वाटलं, ते तोंड फिरवतील. त्यांनी मान डोलावली.

"झाला दुसरा?" ते म्हणाले.

"हो. तुमचा?"

"आत्ताच." मग डोळे हसले. "इरा कशी आहे? उंच झाली असेल." आणि लगेच, घाईघाईने, "म्हणजे तुम्ही सगळे. सगळे कसे आहात?"

मी म्हणाले, सगळे मजेत. माफी मागायची म्हणून मी त्यांच्याकडे वळले. तेवढ्यात पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर बसलेल्या एका लहान मुलीच्या हातातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत काकांच्या बुटाला येऊन लागली. मुलगी मांडीवरून उतरली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

काका वाकले नाहीत. ते उठून उभे राहिले, एक पाऊल मागे सरकले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "एक्सक्यूज मी," ते मुलीकडे न बघता तिच्या आईला म्हणाले, "युअर डॉटर्स बॉटल." आईने येऊन बाटली उचलली, मुलीला घेतलं, थँक्स म्हणाली. ती परत जाऊन बसेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं काही झाली नव्हती, पण मला "येतो" म्हणाले आणि हात पाठीमागे तसेच ठेवून खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर निघून गेले.